शेवटचा कट केसभर की बेताचा?

प्रश्न : मळणी यंत्राचा शाफ्ट बेअरिंगखाली झिजला, म्हणून खामगावच्या एका वर्कशॉपमध्ये नवा करून घेतला. मी समोरच उभा होतो. सळईवरून भराभर माल काढून झाल्यावर तीस मिलिमीटरच्या मापाला साधारण एक मिलिमीटर उरलं. मला वाटलं, आता मिस्त्री जवळजवळ सगळं काढतील आणि शेवटी केसभर ठेवून हलक्या हाताने साफ करतील. त्यांनी निम्मंच काढलं, मशीन थांबवलं, शाफ्ट गार होऊ दिला, मायक्रोमीटर लावला आणि उरलेलं निम्मं एकाच कटात काढून टाकलं. बेअरिंग अगदी नीट बसलं. माझा मुलगा आयटीआयला टर्नर ट्रेड करतो. तो म्हणतो, फिनिशचा कट जितका बारीक तितका चांगला. मग मिस्त्रींनी अर्धा मिलिमीटर का ठेवला? घाई होती, की यामागे काही हिशेब आहे?
— एक वाचक, चिखली तालुका

उत्तर : घाई नव्हती. घाई असती तर शाफ्ट गार होण्याची वाट पाहत कोण थांबलं असतं? तुम्ही पाहिलात तो हिशेबच होता, आणि लेथवर काम शिकणाऱ्याला तो बराच उशिरा उमगतो. तुमच्या मुलाचंही सगळं चुकलेलं नाही. त्याचं म्हणणं काही टूलना आणि काही कामांना लागू पडतं. तुमच्या शाफ्टला ते लागू पडलं नसतं, एवढंच.

आधी आकड्यांचा एक गोंधळ बाजूला करू. लेथवर जॉब फिरतो आणि टूल एकाच बाजूने आत शिरतं. टूल पाव मिलिमीटर आत घेतलं, की सगळ्या घेरावरून पाव मिलिमीटर माल जातो आणि व्यास अर्ध्या मिलिमीटरने कमी होतो. तुम्ही ज्याला अर्धा मिलिमीटर म्हणता तो व्यासावरचा. टूलच्या बाजूने पाहिलं तर कटची खोली पाव मिलिमीटरच होती. काही मशीनचा डायल टूल किती सरकलं ते दाखवतो, काहींचा थेट व्यास किती घटला ते. नव्या लेथवर उभं राहिलं की हे पहिल्यांदा तपासून घ्यायचं. नाहीतर पहिल्याच दिवशी दुप्पट माल जातो आणि जॉब भंगारात. पुढे मी जिथे व्यासाबद्दल बोलेन तिथे तसं स्पष्ट म्हणेन.

आता बेअरिंग काय मागतं ते पाहू. तीस मिलिमीटरच्या शाफ्टवर बहुधा ६२०६ क्रमांकाचं बेअरिंग असतं. ते आतून ३०, बाहेरून ६२ आणि रुंदीला १६ मिलिमीटर. शाफ्ट फिरणारा असला तर आतली रिंग त्यावर किंचित घट्ट बसावी लागते, नाहीतर ती शाफ्टवरच घसरत राहते आणि शाफ्ट पुन्हा झिजतो. तुमचा जुना शाफ्ट कदाचित असाच गेला असेल. अशा बसणीसाठी कारखान्यांत सर्रास वापरली जाणारी मर्यादा आहे ‘के ६’. तीसच्या शाफ्टला तिचा अर्थ होतो : व्यास ३०.००२ पेक्षा कमी नको आणि ३०.०१५ पेक्षा जास्त नको. म्हणजे मिस्त्रींना खेळायला एकूण ०.०१३ मिलिमीटर जागा. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. तेव्हा ‘केसभर’ हे माप आपल्याला फार बारीक वाटलं, तरी या कामात ते चार ते आठ पट मोठं ठरतं. शेवटचा कट कसा घ्यायचा हा प्रश्न त्यामुळे हाताच्या हलकेपणाचा राहत नाही. टूल जितकं काढायला सांगितलं तितकंच काढेल, याची खात्री कशी करायची, असा तो प्रश्न आहे.

पहिला गैरसमज : बारीक कट घेतला की पृष्ठभाग गुळगुळीत येतो. हे इतकं सरळ वाटतं की त्यावर कोणी शंका घेत नाही. पण लेथवर फिरवलेल्या शाफ्टकडे भिंग घेऊन पाहा. त्यावर बारीक आट्यांसारख्या रेषा दिसतात. टूलचं टोक गोलसर असतं आणि शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला ते थोडं पुढे सरकतं. दोन फेऱ्यांच्या मधे जो उंचवटा राहतो तीच ती रेष. एका फेऱ्यात टूल किती सरकतं त्याला फीड म्हणतात, आणि टोकाच्या गोलाईला नोज रेडियस. उंचवट्याची उंची काढायचं सूत्र सोपं आहे : फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची आठ पट. नोज ०.८ मिलिमीटर आणि फीड ०.२ असेल तर उंचवटा सुमारे सहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सहा हजारांश. फीड निम्मा करून ०.१ वर आणला तर तो दीड मायक्रॉनच्या आसपास येतो, निम्मा नव्हे तर चौथाई. या सूत्रात कटची खोली कुठेही नाही.

अर्थात हे कागदावरचं सूत्र आहे. प्रत्यक्षात मशीन थरथरलं, किंवा टूलच्या टोकाला माल चिकटून बसला, तर पृष्ठभाग याहून खराब येतो. साध्या एमएसच्या, म्हणजे माइल्ड स्टीलच्या, सळईवर स्पीड कमी ठेवला की दुसरा प्रकार हमखास होतो : चिकटलेला माल मधूनच तुटतो आणि शाफ्टवर ओरखडे, फाटलेले तुकडे सोडून जातो. शिकाऊ मुलं अशा वेळी कट आणखी बारीक करतात आणि फिनिश आणखी बिघडतो. करायला हवं ते वेगळंच : स्पीड वाढवायचा, फीड कमी करायचा, टूलची धार पाहायची. चमक हवी असेल तर तिची किल्ली फीड, नोज, स्पीड आणि धार यांच्यात आहे. मुलाला आयटीआयच्या लेथवर एकाच सळईचे तीन भाग करून पाहायला सांगा. पहिल्या दोन भागांत फक्त खोली बदलायची, तिसऱ्यात फक्त फीड. नखाने चाचपलं तरी फरक कळेल.

मग खोलीचा संबंध येतो कुठे? टूल कापतं की नुसतं घासतं, हे ठरवण्यात.

टूलची धार आपल्याला सुरीच्या पात्यासारखी टोकदार दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली ती गोलसर असते. कारखान्यात तयार मिळणाऱ्या कार्बाइड टिपा, ज्यांना आपल्याकडची जुनी मंडळी विडिया म्हणतात, त्यांची धार मुद्दाम थोडी गोल केलेली असते. कार्बाइड कठीण असतं पण ठिसूळ. धार फार टोकदार ठेवली तर पहिल्याच झटक्याला उडते. पोलादासाठीच्या सर्वसाधारण टिपांमध्ये ही गोलाई साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर असते. आता तिला ०.०१ मिलिमीटर खोलीचा कट दिला तर काय होईल? धारेच्या गोलाईपेक्षाही पातळ थर तिच्यासमोर येतो. तो वर उचलला जाऊन चिप बनून निघत नाही, गोलाईखाली दाबला जातो. बोथट विळीवर पिकलेला टोमॅटो हलक्या हाताने चिरायला घेतला की साल चेपते, फळ सरकतं, आणि जरा जोर लावला की विळी एकदम खोल घुसते. लेथवर अगदी हेच होतं. पहिल्यांदा टूल घासतं आणि काहीच निघत नाही. मिस्त्री डायल आणखी थोडा फिरवतो, तरी काही निघत नाही. तिसऱ्यांदा दाब पुरेसा झाला की टूल अचानक पकडतं आणि एकाच फेरीत तिन्ही वेळचा माल घेऊन जातं. माप गेलं.

घासण्याचे आणखी दोन तोटे आहेत. घर्षणाने उष्णता वाढते आणि टिपेची बाजू लवकर झिजते. शिवाय काही धातू घासल्याने वरच्या थरात कडक होतात. ३०४ जातीच्या स्टेनलेसची ही खोड प्रसिद्ध आहे : एकदा घासलं की वरची कातडी कडक, पुढचा बारीक कट त्या कडक कातडीतच चालतो, ती आणखी कडक होते, आणि टूल मरतं. स्टेनलेसला म्हणून नेहमी त्या कातडीखाली जाईल इतका कट द्यावा लागतो. भित्रेपणा तिथे चालत नाही.

तुमच्या मुलाचं म्हणणं जिथे खरं ठरतं ती जागा हीच. हायस्पीड स्टीलचं टूल ग्राइंडरवर घासून, ऑइलस्टोनवर धार काढून घेतलं की त्याची धार कार्बाइडच्या साध्या टिपेपेक्षा पुष्कळ तीक्ष्ण होते. तसं टूल दोन-तीन शतांश मिलिमीटरचा थरही स्वच्छ काढतं, आणि निघालेला माल धाग्यासारखा दिसतो. हायस्पीड स्टील टेलर आणि व्हाइट या दोघांनी १९०० च्या सुमारास अमेरिकेत पुढे आणलं. याच फ्रेडरिक टेलरने धातू कापण्यावर सुमारे २६ वर्षं प्रयोग केले आणि १९०६ मध्ये ते अमेरिकेतल्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. कटची खोली हा त्याने मोजलेल्या बारा घटकांपैकी एक होता. आपल्याकडे हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचा लेथचा कारखाना १९४१ मध्ये सुरू झाला. तिथले लेथ महाराष्ट्रभर पसरले, तेव्हा गावोगावचे मिस्त्री मुख्यतः स्वतः घासलेल्या हायस्पीड टूलनेच काम करत. ‘शेवटचा कट बारीक’ हा सल्ला त्या हातांतून आलेला आहे आणि त्या टूलसाठी तो बरोबर होता. टूल बदललं, सल्ला तसाच राहिला. पोरांना शिकवताना सल्ल्याबरोबर टूलही सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ : अर्धं काढून मोजायचं आणि पुन्हा अर्धंच का काढायचं?

कारण लोखंड वाकतं. आपल्या डोळ्यांना तीस मिलिमीटरची सळई अढळ वाटते, पण शतांश मिलिमीटरच्या जगात काहीच अढळ नसतं. चकमधून १०० मिलिमीटर बाहेर आलेली २० मिलिमीटर जाडीची पोलादी सळई घ्या. तिच्या मोकळ्या टोकावर टूलने १०० न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलो वजन टांगल्याइतका जोर दिला, तर टोक सुमारे ०.०२ मिलिमीटर बाजूला होतं. व्यासावर ती चूक दुप्पट, ०.०४. सळई २०० मिलिमीटर बाहेर असेल तर वाकणं आठ पट होतं, कारण लांबीचा घन हिशेबात येतो. जाडी निम्मी म्हणजे १० मिलिमीटर झाली तर सोळा पट. म्हणून जाडीच्या तीन-चार पटींहून जास्त भाग बाहेर असला की मागून टेलस्टॉकच्या सेंटरचा आधार द्यायचा, आणि फार लांब, बारीक काम असेल तर मधे आधाराची स्टेडीही लावायची. तुमच्या शाफ्टला सेंटर लावलेलं असणार. तरी टूलपोस्ट, स्लाइड, स्क्रू, त्यांतली वर्षानुवर्षांची झीज, हे सगळं थोडं थोडं हटतंच. परिणाम एकच : डायल सांगतो त्यापेक्षा टूल कमी माल काढतं.

हे हटणं टाळता येत नाही. पण ते प्रत्येक वेळी सारखं ठेवता येतं, आणि सगळी खुबी इथे आहे. जोर हा कटच्या खोलीवर आणि फीडवर अवलंबून असतो. खोली सारखी, फीड सारखा, स्पीड सारखा, टूल तेच, तर जोर सारखा. जोर सारखा तर हटणंही सारखं. एकदा मोजून कळलं की पुढच्या वेळी ते आधीच वजा करता येतं.

तुमच्याच शाफ्टवर आकडे घालून पाहू. समजा व्यास ३१.०१ होता आणि हवा होता ३०.०१. काढायचं बरोबर १ मिलिमीटर. मिस्त्रींनी व्यासावर ०.५० काढायला डायल लावला. हिशेबाने ३०.५१ यायला हवं होतं. मायक्रोमीटर म्हणाला ३०.५४. म्हणजे या खोलीला हे मशीन, हा जॉब, हे टूल मिळून ०.०३ मागे राहतात. आता पुढचा कटही जवळजवळ तेवढाच आहे, तेव्हा पुन्हा ०.०३ मागे राहणार. म्हणून डायल ३०.०१ वर न थांबवता २९.९८ वर न्यायचा. मागच्या जागेपासून ०.५३ आत. प्रत्यक्षात माप येतं ३०.०१, बेअरिंगच्या खिडकीच्या ऐन मधे.

आता तुमच्या मनातली पद्धत घेऊ. पहिल्या कटात ०.९० काढायला डायल लावला. कट मोठा, जोर मोठा, म्हणून समजा ०.०५ मागे राहिलं आणि माप आलं ३०.१६. मिस्त्रींनी तोच ०.०५ धरून पुढचा डायल लावला. पण आता व्यासावर फक्त ०.१५ काढायचं आहे, टूलच्या बाजूने ०.०७५. एवढ्याशा कटाला जोर कमी, मागे राहतं फक्त ०.०१. टूल अपेक्षेपेक्षा ०.०४ जास्त घेतं आणि शाफ्ट होतो २९.९७. बेअरिंग हाताने सरकतं, आणि दोन हंगामांत तुम्ही पुन्हा त्याच दारात. त्याच्या उलट, टीप बोथट असली आणि ती घासत गेली, तर माप मोठंच राहतं. चूक कोणत्या बाजूला होईल हेही आधी सांगता येत नाही. बारीक शेवटच्या कटाची खरी अडचण हीच आहे. मोठ्या आणि लहान कटांमधलं माप एकमेकांना उपयोगी पडत नाही.

चांगले टर्नर म्हणून शेवटच्या टप्प्याचे दोन किंवा तीन सारखे भाग करतात. पहिला भाग हा एका अर्थी मोजण्यासाठीच असतो. डायलबद्दल एक सांगून ठेवतो : त्याचा हँडल नेहमी एकाच दिशेने आत घेऊन थांबायचा. पुढे गेलं तर तेवढंच मागे घेऊन भागत नाही, कारण स्क्रू आणि नटमध्ये सैलपणा असतो. पूर्ण अर्धा-पाऊण फेरा मागे जाऊन पुन्हा आत यायचं. आणि जुन्या लेथचा डायल शतांश दाखवत नसेल तर टॉप स्लाइड जॉबच्या लांबीशी पावणेसहा अंशांच्या कोनात वळवायची. मग ती ०.१ मिलिमीटर सरकवली की टूल आत फक्त ०.०१ जातं. झिजलेल्या मशीनवरही यामुळे शतांशाची किंमत हाताला कळते.

याला जोडूनच एक शंका अनेक जण विचारतात, तीही इथेच सोडवतो. डायल जराही न हलवता टूल पुन्हा त्याच जागेवरून फिरवलं तर बारीक भुसा निघतो. मशीन बिघडलं आहे का? नाही. पहिल्या फेरीत जॉब वाकून बाजूला झाला होता, तो जोर गेल्यावर सरळ झाला. राहिलेला माल दुसऱ्या फेरीत सापडतो. आतलं भोक मोठं करताना लांब बोअरिंग बार लागतो आणि तो फार वाकतो. तिथे ही रिकामी फेरी भोकाचा टेपर कमी करायला उपयोगी पडते. पण ती तीक्ष्ण टूलने घ्यावी, आणि स्टेनलेसवर शक्यतो घेऊ नये. माप साधायचं साधन म्हणून तिच्यावर अवलंबून राहू नये, कारण किती निघेल ते कोणाच्याच हातात नसतं.

कटची खोली आणि नोज रेडियस यांचंही एक नातं आहे. खोली नोजपेक्षा फार कमी असली की टूलचा फक्त गोल भाग कापतो आणि जोर जॉबला बाजूला ढकलण्यातच जातो. बाहेर निघणारा माल वळत नाही, तुटत नाही, लांब तारेसारखा गुंडाळत राहतो. म्हणून टर्निंगला ढोबळ नियम असा : शेवटच्या कटाची खोली नोजच्या निदान दोन-तृतीयांश तरी असावी, जमलं तर नोजइतकी. ०.४ च्या नोजला पाव मिलिमीटर ते ०.४, म्हणजे व्यासावर अर्धा ते ०.८. तुमच्या मिस्त्रींचा आकडा या पट्ट्यातच बसतो. ०.८ च्या नोजने हाच नियम पाळायचा तर व्यासावर एक मिलिमीटरहून जास्त ठेवावं लागतं. बारीक, लांब जॉबला मोठा नोज का मानवत नाही आणि तो लावला की मशीन का गायला लागतं, हे त्यावरून समजेल. अशा जॉबला ०.२ किंवा ०.४ चा नोज, तीक्ष्ण टीप, कमी खोली. इथेही तुमचा मुलगा बरोबर.

आता ते शाफ्ट गार होऊ देणं. पोलाद दर अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. भराभर रफ कट घेतल्यावर शाफ्ट खोलीपेक्षा ५० अंशांनी तापला असेल, तर तीस मिलिमीटरचा व्यास सुमारे ०.०१७ ने फुगलेला असतो. मिस्त्रींकडची जागा होती ०.०१३. गरम शाफ्टवर माप अगदी बरोबर आणलं असतं, तरी गार झाल्यावर बेअरिंग ढिलंच पडलं असतं. थांबणं हा कामाचाच भाग होता.

इथे बरेच जण विचारतात, मग मे महिन्यात काय करायचं? पूर्णेच्या खोऱ्यातल्या मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव पट्ट्यात पारा चव्वेचाळीसपर्यंत जातो, घाटावरचं बुलढाणा त्यामानाने बरं. मापांसाठी जगभर मान्य तापमान तर २० अंश आहे. काळजीचं कारण नाही. मायक्रोमीटर पोलादाचा, शाफ्ट पोलादाचा, बेअरिंगही पोलादाचं. तिन्ही सावलीत एकाच तापमानाला असली की तिन्ही सारखीच वाढलेली असतात आणि बसणीत फरक पडत नाही. फरक पडतो तो एक वस्तू दुसरीपेक्षा गरम असली तर. पत्र्याच्या शेडमध्ये खिडकीच्या उन्हात पडलेला मायक्रोमीटर म्हणून धोक्याचा. अ‍ॅल्युमिनियम मात्र पोलादाच्या दुप्पट वाढतं, त्याचं माप उन्हाळ्यात जपूनच घ्यायला हवं.

धातूनुसार थोडं बदलतं. बिडाच्या ओतीव भागावर वरची कातडी कडक असते आणि तिच्यात वाळू अडकलेली असते, म्हणून तिथे पहिलाच कट खोल घेऊन कातडीखाली जायचं. आत गेल्यावर बीड शहाण्यासारखं वागतं आणि भुकटी होऊन निघतं. पितळ सोपं. जिनिंगच्या रोलरसारख्या लांब शाफ्टचा बराच माल एका वेळी काढला तर आतले ताण मोकळे होऊन तो आपसूक किंचित वाकतो. त्याला रफ झाल्यावर चकमधून सोडून, पुन्हा बांधून, मगच फिनिश करावा. १८७० साली जलंबहून कापसासाठी रेल्वेचा फाटा ज्या खामगावात आला, तिथे अशी कामं आजही निघत असतात, आणि ती चांगली करणाऱ्या हातांचं मोल त्यांच्या दरात क्वचितच दिसतं.

मग शतांशाच्याही आत, मायक्रॉनमध्ये माल काढायचाच असेल तर? त्यासाठी ग्राइंडिंग आहे. ग्राइंडिंगच्या चाकावर असंख्य बारीक, कडक कण असतात आणि प्रत्येक कण स्वतःपुरता अगदी पातळ थर काढतो. तिथे एका फेरीत पाच ते वीस मायक्रॉन काढणं नेहमीचं आहे. त्यासाठी लेथवर व्यासावर ०.२ ते ०.४ मिलिमीटर माल राखून ठेवतात. भोकाला रीमर लावायचा असला तरी त्याला कापायला काही हवंच. दहा मिलिमीटरच्या भोकात ०.२ च्या आसपास ठेवलं तर तो नीट चालतो. पाच शतांश ठेवलं तर घासतो आणि भोक खराब करतो. बारीक ठेवलं म्हणजे सुरक्षित, हा समज इथेही फसवतो.

लेथवरच शेवटचा शतांश एमरी पेपरने काढण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. एक-दोन शतांशापर्यंत ती चालते, त्यापुढे शाफ्टची गोलाई आणि कडा बिघडतात. मुलाला एवढं मात्र बजावून सांगा : फिरत्या जॉबवर एमरी धरताना ती बोटांभोवती गुंडाळायची नाही, हातमोजे घालायचे नाहीत, बाह्या वर. पट्टीची दोन्ही टोकं वेगवेगळ्या हातांत धरायची, म्हणजे पकडली गेली तर सुटून जाईल. या एका चुकीत बोटं जातात.

सीएनसी मशीनवर सगळं आपोआप होतं, असं तुम्हाला कोणी सांगेल. तिथेही ऑपरेटर पहिल्या जॉबला थोडं जास्त माप ठेवून, फिनिशचा तोच कट चालवून, मोजून, मग ऑफसेट टाकतो. लोखंड तिथेही वाकतं. फक्त वजाबाकी डायलऐवजी कीबोर्डवर होते.

पुढच्या वेळी शाफ्ट करायला जाल तेव्हा नवं बेअरिंग बरोबर घेऊन जा आणि जुना शाफ्टही. नुसतं ‘तीसचा करा’ म्हणून सांगितलं तर घट्ट की सैल, हे मिस्त्रींना अंदाजाने ठरवावं लागतं. बेअरिंग सकाळपासून शाफ्टच्या शेजारी ठेवा, म्हणजे दोन्हींचं तापमान एक होईल. सुट्टीत मुलालाही घेऊन जा. त्याने मिस्त्रींना विचारावं की पहिल्या कटानंतर किती मागे राहिलं. आकडा ते लगेच सांगतील.